करवलीचं कडवं

वडगावात लग्न ठरलं की आधी हॉल बघतात, मग आचारी आणि मग बायाक्काला गाठतात. हॉल मिळाला नाही तर दारात मांडव घालता येतो. आचारी मिळाला नाही तर भावकी कंबर बांधून भात शिजवते. पण बायाक्का मिळाली नाही तर हळदीला तोंड उघडायचं कुणी?

बायाक्का म्हणजे मल्लाप्पा विणकराची बायको. घरात पॉवरचे दोन माग. सकाळी बटण दाबलं की खट्याक-खट्याक सुरू, ते जेवणापर्यंत. त्यामुळं ह्या घरातली सगळी माणसं ओरडून बोलायची. मल्लाप्पा तर देवळातसुद्धा ओरडायचा. "आरती झाली काय?" असं त्यानं पुजाऱ्याला विचारलं की बाहेर चपला काढणारा माणूस उगीचच "झाली, झाली" म्हणायचा. बायाक्काचा गळा ह्याच आवाजावर तयार झाला होता. क्लास नाही, पेटी नाही. सुताच्या कांड्या भरताना ती गायची आणि मागाच्या खडखडाटावर तिचा आवाज पाण्यावर तेल तरंगावं तसा वर राहायचा.

हळदीच्या गाण्याची तिची रीत अशी. पहिली ओळ एकटीनं घ्यायची, ती उचल. मागच्या बायकांनी शेवटचा तुकडा पकडून घोळवायचा, ती झील. आणि ओळीत जी मोकळी जागा सुटते तिथं त्या घरातल्या माणसांची नावं घालायची. चाल तीच, ओळी त्याच, नावं तेवढी घरागणिक वेगळी.

पाटावर कोण बसला गं, नवरा कुणाचा?
अमक्याचा तमका गं, मान त्याचा.

की मागनं झील: मान त्याचा गं, मान त्याचा!

मग आईचं कडवं, चुलत्याचं, आत्याचं. मग करवलीचं. करवली म्हणजे नवऱ्याची बहीण, हातात पाण्याचा छोटा करा घेऊन भावाच्या मागं उभी राहणारी.

करा हाती कुणाच्या गं, करा कुणाचा?
करवली ही अमकी गं, मान तिचा.

आता हे ऐकायला सोपं वाटतं. पण मांडवातली एकेक बाई आपलं नाव कधी येतंय म्हणून कान टवकारून बसलेली असायची. हळदीच्या आधीच वशिले सुरू व्हायचे. कुणी साखर घेऊन यायची, कुणी नुसतीच यायची. "बायाक्का, मी काय म्हणत न्हाय हां, पर आमच्या सासूबाईंच्या आधी थोरल्या नणंदेचं घेऊ नगासा. म्हंजे मला काय न्हाय. त्याच मनाला लावून घेत्यात." चिकोडीची एक आत्या तर भर मांडवात उठून उभी राहिली होती. "नन्न हेसरू हेळ्री, हेसरू!" माझं नाव घ्या, नाव! बायाक्कानं तिच्यासाठी आख्खं कडवं कानडीत वळवून घेतलं, तेव्हा कुठं आत्या खाली बसली.

एक नेम मात्र कुणी मोडायचा नाही. मेलेल्या माणसाचं नाव हळदीत घ्यायचं नाही. म्हणूनच जिवंत माणसाचं नाव गाळलं की आख्ख्या मांडवाला त्याचा अर्थ कळायचा. वेगळं कुणी काही सांगायला लागायचं नाही.

बायाक्काला रेडिओवरची गाणी आवडायची, पण पटायची नाहीत. "चांदणं म्हणत्यात, चाफा म्हणत्यात, साजणी म्हणत्यात. पर साजणी म्हंजे कोण? कुणाची? गाव कुठलं? आख्खं गाणं संपलं, माणसाचं नाव न्हाय!"

ह्यावर तिची लेक मंजुश्री खो खो हसायची. मंजुश्री कॉलेजात मराठी शिकत होती आणि शहापुरात गाण्याच्या क्लासलाही जायची. एकदा ती आईला म्हणाली, "आई, तू झील म्हणतीस न्हवं, त्याला आमच्या पुस्तकात धृपद म्हणत्यात. आणि चांदणं-चाफ्याच्या गाण्याला भावगीत."

"म्हंजे माझ्या गाण्यात भाव न्हाय?"

"हाय की. पर तुझ्यात भावापेक्षा भावकी जास्त!"

त्या दिवशी मायलेकी इतक्या हसल्या की मल्लाप्पानं माग बंद करून विचारलं, "कोण पडलं?"

पुढं मंजुश्री घरात सारखी तीच गाणी गुणगुणायला लागली. तो, ती, सखा, चांदणं. बायाक्का कांड्या भरत ऐकायची आणि म्हणायची, पोरीचा गळा चांगला लागतोय. त्या गाण्यात नाव असतं तर तिला आधीच कळलं असतं. नाव कळलं ते एकदम मंजुश्रीनं रजिस्टर लग्न केल्यावर. दीपंकर. निपाणीचा. वडील कल्लाप्पा तंबाखूच्या वखारीत राबलेले, मुलगा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. घर बौद्ध. मुलगा शांत, शिकलेला, निर्व्यसनी, हे सगळं मल्लाप्पाला चार जणांनी चार वेळा सांगितलं. तो एकच वाक्य म्हणायचा, "आपल्यातला न्हाय." आणि माग सुरू करायचा. मागापुढं कुणाचं काय चालणार?

तेव्हापासून मंजुश्रीचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही. मल्लाप्पाच्या भावाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा हळदीला उचल बायाक्काचीच होती. घरातल्या सगळ्या मुलींची नावं तिनं घेतली आणि मंजुश्रीचं स्वतःच्या तोंडानं गाळलं. गाळताना आवाज जराही हलला नाही. बायका म्हणाल्या, बाई खंबीर हाय. घरी येऊन बायाक्का जेवली नाही.

पण फोन होता. मल्लाप्पा मागावर असला की बायाक्का गच्चीवर जाऊन निपाणीला फोन लावायची. मंजुश्रीला मुलगी झाली, ज्योत्स्ना, ती फोनवरच रांगायला लागली आणि फोनवरच "आज्जी" म्हणायला शिकली. बायाक्कानं नातीला अजून हात लावला नव्हता.

आणि आता शिवराजचं, धाकट्याचं, लग्न ठरलं. मुलगी कंग्राळीची. पत्रिका छापून आल्या. घरात सगळे खूश होते आणि बायाक्काच्या घशात एकच कडवं अडकून बसलं होतं. शिवराजला सख्खी बहीण एकच. करवलीच्या जागी कुणाचं नाव घालायचं?

तिनं आधी शिवराजला चाचपून बघितलं. तो मोबाईलवरनं मान वर न काढता म्हणाला, "आई, मला आक्का पायजेच हाय. पर आप्पांना कोण सांगणार? मी मागनं जाऊन भेटून येतो की निपाणीला. दोघं जाऊन येतो."

"मागनं," बायाक्का म्हणाली. "तुझ्या बापाचाच हाईस."

मल्लाप्पाशी बोलायचं म्हणजे माग थांबायला पाहिजे, आणि माग थांबतो तो धागा तुटला की. बायाक्का कांड्या भरत वाट बघत बसली. एका दुपारी धागा तुटला. मल्लाप्पा वाकून गाठ मारायला लागला.

"अवो, करवलीच्या कडव्यात काय घालू?"

"करिष्मा हाय की." करिष्मा म्हणजे त्याच भावाची धाकटी मुलगी.

"ती चुलत. सख्खी हाय की आपल्याला."

मल्लाप्पा गाठ मारत राहिला. एवढी गाठ मारायला त्याला एरवी श्वास घेण्याइतकासुद्धा वेळ लागत नसे. आज त्याची बोटं चुकली, त्यानं ती गाठ सोडून पुन्हा मारली.

"गाण्यात घे जा," तो म्हणाला. "दारात नको."

आणि खट्याक-खट्याक.

बायाक्काला पहिलं वाक्यच ऐकू आलं म्हणा ना. गाण्यात घे! ती जिना चढून गच्चीवर गेली ती वीस वर्षांची असल्यासारखी. मांडवाचे बांबू वर येऊन पडले होते, त्यातल्याच एका बांबूवर बसून तिनं फोन लावला.

"मंजू! आप्पा घे म्हणाले! तुझं नाव! करवलीच्या कडव्यात!"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग मंजुश्री म्हणाली, "काय म्हणाले? त्यांच्याच शब्दात सांग."

बायाक्कानं मल्लाप्पासारखा आवाज काढला. "गाण्यात घे जा!"

"आणि पुढं?"

"पुढं काय?"

"आई, मी त्यांचीच पोरगी हाय. पुढं काय म्हणाले?"

बायाक्का बांबूची साल नखानं काढत राहिली. "दारात नको," ती शेवटी म्हणाली. "पर मंजू, नाव आलं की माणूस आलंच की गं. आज नाव, उद्या दार. माझी सगळी हयात गेली ह्या गाण्यात, मला ठावं हाय."

"म्हंजे माझं नाव मांडवात आणि मी हितं कुकर उतरवत. झाक जमवलासा दोघांनी."

"जे परगावी असत्यात त्यांचंबी नाव घालतोच की आपण."

"निपाणी काय दुबई हाय? एस्टीत बसले तर चहा थंड व्हायच्या आत येते मी." मंजुश्रीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि ज्योत्स्नाचं? भाचीचं कडवं हाय न्हवं तुझ्याकडं? करा धरणारीच्या मागनं येतंय. त्यात कुणाचं नाव घालणार?"

बायाक्कानं हातातला सालीचा तुकडा टाकून दिला. मल्लाप्पाला ते विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरातली सगळी नावं, आडवी-उभी सगळी नाती जिच्या जिभेवर, तिला नात सुचली नव्हती.

"विचारते की," ती कशीबशी म्हणाली.

"विचारू नको. माझंबी घालू नको. करिष्माच्या ताईच्या हळदीत तू मला गाळलंस, तवा मी ऐकत होते. करिष्मानं फोन लावून धरलता. मला वाटलं, आई अडखळेल तरी. तू अडखळली न्हाईस." पलीकडं कुकर खाली ठेवल्याचा आवाज आला. "तुला वाटलं तवा गाळायचं आणि आप्पांना वाटलं तवा घालायचं, असं ते नाव राहिलं न्हाय आता. दारातनं आत घेणार असशील, आमाला तिघांना, तर घाल. न्हाईतर गाणं म्हण आणि गप बस."

फोन ठेवला गेला. बायाक्काला पहिल्यांदा राग आला. मग राग कुणावर करायचा हेच तिला कळेना.

हळदीच्या दिवशी सकाळपासून मात्र भलतंच सुरू झालं. मल्लाप्पानं कुणाला तरी सांगितलं असणार, कारण प्रत्येक बाई डोळे पुसायच्या तयारीनंच आली होती. जाऊ नागाक्का, करिष्माची आई, तिला कुठलंही वाक्य 'म्हंजे कसं' म्हटल्याशिवाय सुरू करता येत नसे. ती दारातनंच ओरडली, "म्हंजे कसं, भाओजींचं मन बघा किती मोठं! नाव घे म्हणाले! म्हंजे कसं, आज मी रडणारच, मला कुणी थांबवू नगा!" दुसरी म्हणाली, "बापाचं काळीज वो, शेवटी बापाचंच काळीज." तिसरीनं मल्लाप्पाला वाकून नमस्कारच केला. मल्लाप्पानंही तो घेतला.

बायाक्का हळद कालवत हे सगळं ऐकत होती. मंजुश्री कशी आहे, ती काय म्हणाली, एकीनंही विचारलं नाही. निपाणीला फोन केला का, हेही नाही. नाव येणार म्हटल्यावर सगळ्यांचं भागलं होतं. नाव एकदा गाण्यात आलं की बायका रडणार, मल्लाप्पाच्या छातीवरचं ओझं उतरणार, सगळे जेवणार आणि मंजुश्रीचा प्रश्न मिटला म्हणून घरी जाणार. आणि निपाणीतली पोर निपाणीतच. हे तिला हातातल्या हळदीसारखं स्वच्छ दिसायला लागलं आणि तिचे हात थांबले.

"आक्का, तुमचं अर्धा तास हां," डीजेवाला मंथन वायरी ओढत म्हणाला. "मग आपण रिमिक्स सोडणार. माईक देऊ?"

"मागाच्या घरात दिलंय मला. माईक तुझ्या रिमिक्सला ठेव."

शिवराज पाटावर बसला. करिष्मा हातात करा घेऊन त्याच्या मागं उभी राहिली. तिच्या दुसऱ्या हातात फोन होता, छातीशी धरलेला, पडदा बाहेरच्या बाजूला. कुणाला लावलाय हे बायाक्काला विचारावं लागलं नाही.

मल्लाप्पानं त्या दिवशी माग सुरू केले नव्हते. नवी टोपी घालून तो मांडवाच्या खांबापाशी उभा होता आणि आधीच बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण पुन्हा बांधत होता.

बायाक्कानं उचल घेतली.

पाटावर कोण बसला गं, नवरा कुणाचा?
मल्लाप्पाचा शिवराज गं, मान त्याचा.

झील उठली. मग तिचं स्वतःचं कडवं झालं, नागाक्कानं तिचं नाव घेतलं. चुलत्याचं झालं, आत्याचं झालं. बायका हळूहळू पुढं सरकायला लागल्या. एकीनं पदर डोळ्याशी नेऊनच ठेवला. खांबापाशी तोरणाचा दोरा मल्लाप्पाच्या बोटांत तसाच राहिला. त्याची मान मांडवाकडं कलली होती.

नाव जिभेवर आलं होतं. चालीत असं चपखल बसणारं नाव, जणू ती जागा त्याच्यासाठीच कुणी सोडली होती. आता ते म्हटलं असतं तर सगळे सुखी झाले असते. मल्लाप्पा झाला असता, नागाक्का झाली असती, घटकाभर ती स्वतःही झाली असती.

बायाक्कानं श्वास घेतला आणि मामाचं कडवं सुरू केलं.

झील उठलीच नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नागाक्का पुढं वाकली. "बायाक्का, म्हंजे कसं, करवली ऱ्हायली की!"

"ठावं हाय मला."

"मग घे की! सगळी थांबलीत."

"थांबू देत."

"म्हंजे कसं... तिचं नको असलं तर करिष्माचं तरी घाल. पोर करा धरून उभी हाय!"

"करिष्मा चुलतबहीण. चुलतबहिणींचं कडवं येतंय पुढं, त्यात तिचं पयलं घालते. करवलीचं कडवं आज न्हाय."

आणि ती मामावर गेली. झील कशीतरी सावरली, पण तिच्यात जोर नव्हता. सगळी नावं झाली. करिष्माचंही झालं. गाणं संपलं तेव्हा मांडवात कुणालाच रडायला जमलं नव्हतं, आणि काय झालं ते नीट कळलंही नव्हतं. मंथननं ही संधी साधून रिमिक्स सोडलं. बांबू थरथरायला लागले.

बायाक्का हात धुवायला आत गेली तर मल्लाप्पा बंद मागापाशी उभा.

"घातलं न्हाईस."

"न्हाय."

"मी घाल म्हटलतो की न्हाय? सगळ्यांसमोर माझं..." त्यानं नवी टोपी काढून मागावर ठेवली. "मी खांबापाशी उभा होतो."

"बघितलं मी."

"कवाचा उभा होतो!"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बायाक्काला त्याची दया आली आणि तेवढाच संतापही. "तुमची परवानगी घेतली," ती म्हणाली. "तिची घ्यायला गेले तर ती नको म्हणाली."

"नको? तिनं नको म्हणायचं?"

"आत घेणार असला तर घाला म्हणाली. तिघांना. न्हाईतर गाण्यातबी नको. तुमाला दारात नको आणि कानात पायजे. असं कसं व्हईल?"

मल्लाप्पानं मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवरनं हात फिरवला. एकही तुटलेला नव्हता. बाहेर नागाक्का कुणाला तरी सांगत होती, "म्हंजे कसं, बायाक्काचं वय झालं आता, कडवी विसरती."

"लाव," तो म्हणाला.

"काय?"

"फोन लाव तिला."

बायाक्कानं लावला. तिचे हात अजून पिवळे होते, फोनही पिवळा झाला. मल्लाप्पानं तो कानाला धरला.

"मी वडगावातनं बोलतोय!"

पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "बोला, मामा. मी दीपंकर."

मल्लाप्पानं फोन ह्या कानावरनं त्या कानावर घेतला. ह्या माणसाशी तो आजवर एक शब्द बोलला नव्हता, आणि हा माणूस जावयानं सासऱ्याला म्हणावं तसं त्याला सरळ मामा म्हणत होता.

"मंजूला देऊ काय, मामा? ती आत हाय. जरा... तिला बरं वाटत न्हाय आत्ता."

"नको. ऱ्हाऊ द्या." मल्लाप्पा घसा खाकरत म्हणाला. "उद्या अक्षता साडेबाराला हायत."

"बरं."

"हॉल शहापुरात. मोठ्या रस्त्यालाच हाय. कुणीबी सांगतं."

"बरं, मामा."

बायाक्का मल्लाप्पाच्या ओठांकडं बघत राहिली. एकच शब्द उरला होता. मल्लाप्पानं फोन कानापासून काढला आणि बंद केला.

"झालं," तो म्हणाला. "सांगितलं."

"या म्हटलं न्हाईसा."

"वेळ सांगितली, हॉल सांगितला. आणि काय सांगायचं असतं?"

"वेळ तर पत्रिकेतबी हाय."

"समजत असतंय गं माणसाला!"

"तिला न्हाय समजणार. मलाबी न्हाय समजलं." बायाक्कानं त्याच्या हातातून फोन घेतला. "या म्हणा. तिघं या म्हणा. त्या पोरीचं नाव ज्योत्स्ना हाय, तिलाबी घेऊन या म्हणा."

"माझ्यानं न्हाय व्हायचं."

"मग तसं सांगा त्यास्नी. पर कायतरी तोंडानं सांगा."

तिनं नंबर पुन्हा लावला आणि फोन त्याच्या कानाला टेकवला. मल्लाप्पा मागे सरला नाही, हातही वर केला नाही. निपाणीत रिंग जात होती. फोन अजून कुणी उचलत नव्हतं, आणि बायाक्काचा हात तसाच वर होता.